वेंधळ्या डिटेक्टिव्हांच्या मागावर : जुन्या हॉलिवूडचे विनोदी रहस्यपट कुठून सुरू करावेत

जुन्या हॉलिवूडमध्ये एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तो पोलिसात नसतो, त्याच्याकडे डिटेक्टिव्हचा परवानाही नसतो. तो लहान मुलांचे फोटो काढतो, रेडिओवर बोलतो, सोडा फाउंटनच्या काउंटरवर उभा असतो, नाहीतर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. मग कुठूनतरी एक खून त्याच्या गळ्यात येऊन पडतो. त्याची बोबडी वळते, तो भलत्याच दारातून आत शिरतो, भलत्याच माणसावर संशय घेतो आणि अखेरीस खऱ्या खुन्यासमोर जाऊन उभा राहतो.

१९२० पासून १९६० च्या दशकापर्यंत असे कितीतरी चित्रपट निघाले. बहुतेक सव्वा-दीड तासाचे, कृष्णधवल, आणि आजही पोट धरून हसवणारे. तरी नवा प्रेक्षक त्यांच्यापाशी अडखळतो. याचं एक कारण चित्रपटांचा क्रम. अनेक जण आधी नंतरच्या काळातली विडंबनं बघतात, आणि मग मूळ चित्रपट त्यांना फिके वाटतात. दुसरं कारण असं, की हे निव्वळ विनोदी चित्रपट आहेत असं समजून आपण बसतो. माझं ठाम मत आहे की यांतली भीती खरी असते, म्हणूनच यांतला विनोद चालतो. नायक भित्रा असतो, तो ते लपवत नाही, आणि तरीही तो वाडा सोडून जात नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या पायऱ्या सोप्या जातील.

पायरी १ : आधी फक्त पाऊण तास द्या

सुरुवात बस्टर कीटनच्या ‘शेरलॉक ज्युनियर’पासून करा. चित्रपट १९२४ चा, मूक, जेमतेम पाऊण तासाचा. भाषेची अडचण नाही, त्यामुळे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत कुणालाही शेजारी बसवता येतं.

कीटन एका छोट्या थिएटरात प्रोजेक्टर चालवतो, झाडूही मारतो, आणि उरलेल्या वेळात डिटेक्टिव्ह कसं व्हावं याचं पुस्तक वाचतो. त्याच्या आवडत्या मुलीच्या वडिलांचं घड्याळ चोरीला जातं. चोर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी. तो घड्याळ गहाण टाकतो आणि गहाणाची पावती गुपचूप कीटनच्या खिशात सरकवतो. पुस्तकी डिटेक्टिव्ह उत्साहाने सगळ्यांची झडती घ्यायला सांगतो, आणि पावती सापडते त्याच्याच खिशात. मुलीच्या घरातून हकालपट्टी होते.

पुढे तो संशयिताच्या मागावर निघतो. पुस्तकात लिहिलंय की माणसाच्या अगदी जवळून पाठलाग करावा. म्हणून हा त्याच्या पाठीला नाक लागेल इतक्या अंतरावरून, त्याच्या पावलात पाऊल मिळवून चालतो. हा प्रसंग नीट बघा. पुढच्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या हौशी डिटेक्टिव्हांचं बीज इथे आहे. नियम पाठ आहेत, अक्कल मात्र अजून यायची आहे.

मग तो प्रोजेक्टरपाशी झोपतो आणि स्वप्नात उठून थेट पडद्यात शिरतो. पडद्यावरचं दृश्य बदलत जातं: बाग, रस्ता, कडा, सिंह, वाळवंट, बर्फ. तो मात्र त्याच जागी असतो आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो. संगणकाचा मागमूस नसलेल्या काळात, कॅमेऱ्यापासूनची अंतरं काटेकोर मोजून हे चित्रित केलं होतं. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीवरून तो खाली येतो तेव्हा पाण्याचा लोंढा त्याच्या अंगावर कोसळतो. त्या दृश्यात कीटनच्या मानेचं हाड मोडलं होतं. त्याला ते कळलं कितीतरी वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर.

शक्य असेल तर चित्रपट दुसऱ्यांदा बघा आणि लक्ष मुलीवर ठेवा. नायक स्वप्नात जगातला सर्वांत मोठा डिटेक्टिव्ह झालेला असताना ती सरळ गहाणवट्याच्या दुकानात जाते, घड्याळ कोणी आणलं ते विचारते, आणि प्रकरण मिटतं. इतकं सोपं होतं ते. ही गोष्ट चित्रपट आरडाओरडा न करता सांगतो, आणि मला तो भाग पाण्याच्या टाकीइतकाच आवडतो.

पायरी २ : वाड्यात शिरा

या चित्रपटांचं खरं घर म्हणजे जुना अंधारा वाडा. हा वाडा न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या रंगभूमीवरून आला. जॉन विलर्ड यांचं ‘द कॅट अँड द कॅनरी’ हे नाटक १९२२ चं. श्रीमंत म्हातारा वारलाय, मध्यरात्री मृत्युपत्राचं वाचन आहे, नातलग जमलेत, बाहेर एक वेडा सुटलाय, भिंतीत चोरवाटा आहेत आणि पलंगाच्या वर भिंतीतून हात बाहेर येतो. १९२७ मध्ये जर्मन दिग्दर्शक पॉल लेनी यांनी युनिव्हर्सलसाठी यावर मूकपट केला. तोही सुंदर आहे, पण तो नंतर बघा.

आधी १९३९ चा बघा. पॅरामाउंटचा, एलियट नुजंट दिग्दर्शित, बॉब होप आणि पॉलेट गोडार्ड यांचा. तोवर मृत्युपत्र, चोरवाटा, भिंतीतला हात हे सगळं प्रेक्षकांना पाठ झालं होतं. चित्रपटाने यावर काढलेली युक्ती अजून ताजी वाटते. होपने रंगवलेला वॉली कॅम्पबेल हा नट आहे. असल्या भयनाट्यांत त्याने कामं केलेली आहेत. त्यामुळे आता दिवे जातील, आता किंकाळी येईल, हे तो आधीच सांगत सुटतो. प्रेक्षकाच्या मनातलं तोच बोलून टाकतो. आणि पुढे काय होणार हे माहीत असूनही तो घाबरतोच! मोठ्या रिकाम्या घरांची भीती वाटत नाही का, असं विचारल्यावर तो म्हणतो, छे, मी वॉदव्हिलमध्ये (नाच-गाणी-विनोदांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत) काम केलंय. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहायची सवय आहे.

आता एक प्रयोग करा. गोडार्ड रात्री एकटी खोलीत असते, त्या प्रसंगाला आवाज पूर्ण बंद करा. संवाद गेले की समोर उरतो तो सरळसरळ भयपट. छायाचित्रण चार्ल्स लँग यांचं आहे. त्यांना १९३२ च्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’साठी ऑस्कर मिळालं होतं. त्यांनी अंधार विनोदासाठी म्हणून पातळ केलेला नाही. गेल सॉन्डरगार्डची घरकारभारीण दारात येऊन उभी राहते तेव्हा ती कुठेही विनोदी होत नाही. होप सोडून जवळपास सगळे जण हे नाटक गंभीरपणे करताहेत. या प्रकारच्या चित्रपटांचं गणित एकदा इथे डोळ्यांना दिसलं की पुढे ते सगळीकडे ओळखू येतं.

हा चित्रपट चालला म्हणून पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, होप आणि गोडार्ड यांनाच घेऊन ‘द घोस्ट ब्रेकर्स’ आला. या वेळी वाड्याच्या जागी क्यूबातली गढी, आणि होप रेडिओवर गुंडांची बिंगं फोडणारा निवेदक. तो एका मोठ्या ट्रंकेत लपतो आणि ट्रंकेसकट जहाजावर चढवला जातो. चित्रपट गतिमान आहे, पण एका गोष्टीची तयारी ठेवून बसा. विली बेस्ट हा कृष्णवर्णीय नट होपच्या नोकराच्या भूमिकेत आहे. त्याचं टायमिंग होपच्या तोडीचं आहे. तरी लिहिणाऱ्यांनी त्याच्या वाट्याला घाबरट नोकराचं ठोकळेबाज सोंग आणि रंगावरचे विनोद दिले. त्या काळच्या हॉलिवूडने अशा कलावंतांना दुसरं फारसं काही करू दिलं नाही. मुलांसोबत बघत असाल तर हे आधी बोलून घ्या. तो भाग पुढे ढकलून पळवू नका.

पायरी ३ : बाळांचा फोटोग्राफर

एकच बोलपट बघायला वेळ असेल तर १९४७ चा ‘माय फेव्हरेट ब्रुनेट’ बघा. याचंही दिग्दर्शन एलियट नुजंट यांचंच.

सुरुवात सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होते. रॉनी जॅक्सनला मृत्युदंड झालाय आणि तो बातमीदारांना आपली कहाणी सांगतोय. सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा बाळांचे फोटो काढायचा स्टुडिओ. शेजारच्या ऑफिसात खरा खासगी डिटेक्टिव्ह, सॅम मॅक्लाउड. रॉनीला त्याच्यासारखं व्हायचंय. कुलपाच्या भोकातून फोटो काढणारा कॅमेराही त्याने बनवलाय. मॅक्लाउड बाहेरगावी जातो, रॉनी त्याच्या खुर्चीत बसून बघतो, आणि नेमकी तेव्हाच दारातून डोरोथी लमूर आत येते. तिला वाटतं हाच डिटेक्टिव्ह. हा नाही म्हणत नाही.

ही गंमत पुरती कळायला त्या काळची थोडी पार्श्वभूमी हवी. १९४० च्या दशकात काळ्याकुट्ट गुन्हेपटांची लाट होती. पावसाळी रस्ते, खर्जातलं निवेदन, तोंडात सिगरेट आणि मनात कडवटपणा असलेला डिटेक्टिव्ह. अ‍ॅलन लॅड हा त्या लाटेतला बडा तारा, आणि मॅक्लाउडच्या छोट्याशा भूमिकेत तो स्वतःच आहे. रॉनीचं निवेदनही त्याच सुरात चालतं, फक्त आतला माणूस त्या सुराला साजेसा नाही. खलनायकांच्या टोळीत पीटर लोरे आहे, जो सुरे फेकता फेकता अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. धटिंगण विली झालाय लॉन चेनी ज्युनियर. हे दोघेही खऱ्या भयपटांतून आणि गुन्हेपटांतून आलेले. पुन्हा तेच, धोका खरा ठेवायचा.

शेवटच्या मिनिटाला उठू नका. तिथे एक पाहुणा येतो, त्याचं नाव इथे सांगत नाही.

या चित्रपटाच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे तो इंटरनेटवर विनामूल्य आणि रीतसर बघता येतो. पण म्हणूनच त्याच्या खराब प्रतीही भरपूर फिरतात. पहिली दोन मिनिटं तपासा. चेहरे पांढरेफटक दिसत असतील, आवाज खरखरत असेल तर दुसरी प्रत शोधा. रंग भरलेल्या आवृत्त्या टाळाच. अंधार रंगवला की त्याची धार जाते.

पायरी ४ : जोडीचं गणित

आता अ‍ॅबट आणि कॉस्टेलो. बड अ‍ॅबट उंच, करडा, सतत दटावणारा. लू कॉस्टेलो गुबगुबीत आणि लहान मुलासारखा. दोघे बर्लेस्कच्या, म्हणजे थिल्लर विनोद आणि नाचगाण्यांच्या, रंगमंचावरून आले. त्या रंगमंचावर हशा मिळवणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्तच, किंमत सरळ चेहऱ्याने समोर उभं राहणाऱ्या जोडीदाराला होती. हे माहीत असेल तर लूसोबत बडकडेही बघाल, आणि प्रसंगाची दोरी त्याच्या हातात आहे हे कळेल.

१९४२ चा ‘हू डन इट?’ घ्या. रेडिओ केंद्राच्या इमारतीत सोडा विकणाऱ्या या दोघांना रहस्यमालिका लिहायच्या आहेत. थेट प्रक्षेपण चालू असताना केंद्राच्या प्रमुखाचा खून होतो. दोघांना वाटतं, आपण डिटेक्टिव्ह असल्याचं भासवून खुनी पकडला तर लेखकाची नोकरी मिळेल. पोलीस येतात तेव्हा संशय अर्थातच यांच्यावर. लू टेलिफोनवर एक साधा नंबर लावायचा प्रयत्न करतो, इतर सगळ्यांना जगात कुठेही फोन लागतो आणि याला काही केल्या लागत नाही. ही गंमत पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वाढते. विजेवरचा एक संवाद तुफान वेगाचा आणि पूर्णपणे इंग्रजी शब्दखेळावर चालणारा आहे, तिथे सबटायटल चालू ठेवा. यंत्राने आपोआप तयार केलेली सबटायटल नकोत. या वेगापुढे ती कोलमडतात.

दुसरा ‘होल्ड दॅट घोस्ट’, १९४१ चा. गुंडाच्या वारशात मिळालेली पडीक खाणावळ, आणि टेबलावर आपोआप सरकणारी मेणबत्ती. लूला ती सरकताना दिसते, दुसरं कोणी बघायला गेलं की ती स्थिर. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, नुसतीच हवा बाहेर येते. भीतीचा इतका नेमका अभिनय मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

पायरी ५ : ज्या धांदरट नव्हत्याच

या प्रकारातल्या स्त्रियांकडे सहसा दुर्लक्ष होतं, आणि ते मला खटकतं. त्यांच्या चित्रपटांत विनोदाची बाजूच बदलते. बाई हुशार असते, बरोबर असते, आणि कोणी तिचं ऐकत नाही. वेंधळे ठरतात ते पोलीस.

‘पेंग्विन पूल मर्डर’ (१९३२) मध्ये मिस विदर्स ही शाळेतली शिक्षिका मुलांची सहल घेऊन मत्स्यालयात जाते आणि पेंग्विनांच्या हौदात प्रेत पडतं. एडना मे ऑलिव्हरने ही भूमिका तीन चित्रपटांत केली. इन्स्पेक्टरला ती वर्गातल्या पोरासारखी सरळ करते. १९३८ च्या ‘द मॅड मिस मँटन’मध्ये बार्बरा स्टॅनविक ही श्रीमंत घरची तरुणी. पहाटे कुत्री फिरवताना तिला प्रेत दिसतं, पोलीस येईपर्यंत ते गायब होतं. आधी केलेल्या थट्टामस्करीमुळे तिच्यावर कोणाचा विश्वास नाही. मग ती मैत्रिणींची फौज घेऊन तपासाला लागते, मागे हेन्री फोंडाचा चिडका संपादक. १९४५ चा ‘लेडी ऑन अ ट्रेन’ नाताळच्या दिवसांतला आहे. डियाना डर्बिन आगगाडीच्या खिडकीतून खून होताना बघते. पोलिसांचं लक्ष जातं तिच्या हातातल्या रहस्यकथेकडे, की झालं, खून तिच्या डोक्यातलाच ठरतो. मग ती त्या कथेच्या लेखकालाच शोधून काढते. तिघींत माझी पहिली पसंती मिस मँटनला.

याच पायरीवर ‘द थिन मॅन’ही (१९३४) उरकून घ्या. विल्यम पॉवेल आणि मिर्ना लॉय यांचे निक आणि नोरा वेंधळे नाहीत, निक तर निवृत्त डिटेक्टिव्ह आहे. पण खून आणि थट्टामस्करी एकाच टेबलावर बसू शकतात हे हॉलिवूडला पटलं ते मुख्यतः याच्यामुळे. सगळ्या संशयितांना जेवायला बोलावून खुनी उघड करण्याचा प्रसंग इथे बघून ठेवा, शेवटच्या पायरीला उपयोगी पडेल.

पायरी ६ : लूथर

१९६६ साली वाडा रंगीत झाला. ‘द घोस्ट अँड मिस्टर चिकन’मध्ये डॉन नॉट्स हा कॅन्ससमधल्या छोट्या गावातल्या वर्तमानपत्राचा जुळारी, लूथर हेग्ज. त्याला बातमीदार व्हायचंय. वीस वर्षांपूर्वी जिथे खून झाला त्या वाड्यात एक रात्र काढायचं काम त्याच्यावर येतं. तिथे रक्ताचे डाग असलेला ऑर्गन आपोआप वाजतो.

नॉट्स टीव्हीवरून आला होता. ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधल्या डेप्युटी बार्नी फाइफसाठी त्याला टीव्हीचे पाच एमी पुरस्कार मिळाले. त्याचं सगळं शरीर भीती बोलतं: गळ्याची घाटी, बोटं, ताठ झालेली मान. बॉब होप घाबरला की विनोद करतो, लूथरकडे विनोदाचं कवचही नाही. भाषण द्यायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातातला कागद थरथरतो आणि आपणच खुर्चीत अवघडतो. रात्र काढल्यानंतर गाव त्याला डोक्यावर घेतं, मग अब्रुनुकसानीच्या खटल्यात तेच गाव त्याला खाली आपटतं. वाड्यातल्या ऑर्गनपेक्षा ते न्यायालय जास्त भीतीदायक आहे. संगीतकार विक मिझींची धून मात्र दिवसभर डोक्यातून जात नाही.

पायरी ७ : आता विडंबनं

आता ‘मर्डर बाय डेथ’ (१९७६) आणि ‘क्लू’ (१९८५) खुशाल बघा. पहिल्याचं लेखन नील सायमन यांचं, आणि त्यातलं एक जोडपं निक-नोरावरून बेतलंय हे तुम्हाला लगेच ओळखू येईल. पीटर सेलर्सचं चिनी सोंग मात्र आज बघवत नाही. ‘क्लू’ घरगुती खेळावर बेतलेला. थिएटरांत त्याचे तीन वेगवेगळे शेवट पाठवले गेले होते, कुठे कोणता लागेल हे नशिबावर. घरी बघताना तिन्ही एकापाठोपाठ मिळतात. तेव्हा तो पडला, नंतर घराघरांत लाडका झाला.

शोधताना आणि बघताना

नावाबरोबर साल नक्की टाका. ‘द कॅट अँड द कॅनरी’ १९२७, १९३९ आणि १९७८ असे तीन मिळतात. १९३० ची बोलकी आवृत्ती ‘द कॅट क्रीप्स’ नावाने निघाली होती, ती आता हरवली आहे. ‘हू डन इट?’ नावाचा १९५६ चा ब्रिटिश चित्रपट वेगळा. आणि ‘अ नाइट टू रिमेंबर’ शोधाल तर टायटॅनिकवरचा १९५८ चा चित्रपट समोर येईल. तुम्हाला हवा आहे तो १९४२ चा, लॉरेटा यंगचा, ज्यात रहस्यकथालेखक आणि त्याची बायको भाड्याच्या घरात प्रेतावर अडखळतात.

खुनी सुटेल का, ही चिंता करू नका. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची नियमसंहिता कडक राबवली जाऊ लागली, आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा तिचा दंडक होता. प्रश्न फक्त कोण आणि कसं एवढाच. तर्काच्या साखळ्या तपासत बसलात तर बऱ्याच कड्या सुट्या सापडतील. वारसा किंवा पैसा कोणाकडे जाणार एवढं लक्षात ठेवा, बाकी नजर नायकावर.

बघायची वेळ रात्रीची ठेवा, दिवे मंद, आणि शक्यतो दोघा-चौघांनी मिळून. थिएटरातल्या हशासाठी संवादांमध्ये जागा सोडलेल्या आहेत. एकट्याने बघताना त्या रिकाम्या वाटतात.

एवढं झालं की दुसऱ्या फेरीसाठी रेड स्केल्टनची ‘व्हिसलिंग’ मालिका घ्या: ‘इन द डार्क’ (१९४१), ‘इन डिक्सी’ (१९४२), ‘इन ब्रुकलिन’ (१९४३). रेडिओवरचा डिटेक्टिव्ह खऱ्या टोळीच्या हाती लागतो आणि टोळीवाले त्याच्याकडून कधीच उघडकीला न येणाऱ्या खुनाची योजना मागतात, अशी पहिल्याची कल्पना आहे. क्रमाने बघा. तिसऱ्यात ब्रुकलिन डॉजर्सचा खरा बेसबॉल संघ आहे, पण स्केल्टनची पळापळ समजायला बेसबॉलचे नियम यायची गरज नाही.